मदत हवी आहे : निब, जीभ असे चिमुकले सुटे भाग पोस्टाने सगळ्यात स्वस्तात कसे पाठवायचे?

नमस्कार मंडळी,

मी जुने फाउंटन पेन दुरुस्त करतो आणि हल्ली लोक अख्खं पेन पाठवण्याऐवजी नुसते सुटे भागच मागतात, म्हणजे एखादी निब, निबखालची जीभ, कधी टोपणाची क्लिप किंवा आतली रबरी नळी. वस्तूचं वजन म्हणाल तर निब एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, पण पाठवायचा खर्च कधीकधी निबच्या किमतीच्या वर जातो आणि समोरचा मग साहजिकच म्हणतो की राहू द्या. वाईट वाटतं, कारण एवढ्याशा तुकड्यासाठी आजोबांचं पेन कपाटात पडून राहतं.

कुरिअरचा विचार करून झालाय. त्यांचा पहिला टप्पाच बहुतेक अर्ध्या किलोचा असतो आणि वर खोक्याच्या आकारावरून वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि त्याला भागिले ५०००. म्हणजे २० × १५ × १० चं साधं खोकं घेतलं तर आत निब असो नाहीतर हवा, ६०० ग्रॅमचे पैसे द्यायचे. त्यामुळे माझ्या मते एवढ्या हलक्या वस्तूला साधं पत्राचं पाकीटच बरं.

पाकिटाचा हिशोब मी असा लावलाय. बऱ्याच ठिकाणी पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, ए४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो (१६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो म्हणून), त्यामुळे काटा नसला तरी चार कागद एका हातात आणि पाकीट दुसऱ्या हातात धरून अंदाज येतो. पोस्टकार्डाएवढे, म्हणजे ए६ मापाचे, ३०० जीएसएम कार्डाचे दोन तुकडे साडेनऊ ग्रॅमच्या आत बसतात, पाकिटाचे तीन-चार ग्रॅम, निबचा एक, म्हणजे २० च्या आत आरामात.

अडचण जाडीची आहे. निब दोन कार्डांमध्ये टेपने चिकटवली की काही ठिकाणी पत्राला असलेल्या ५ मिलीमीटरच्या मर्यादेत राहते पण मधे टेंगूळ येतं. मागे एकाला पाकीट पोचलं ते कोपऱ्यात भोक पडून, आत नुसती कार्डं, निब गायब. बबल रॅप घातला तर वजन फारसं वाढत नाही पण जाडी लगेच हाताबाहेर जाते. आणि जीभ तर मुळातच गोल, मोठ्या निबची असेल तर एकटीच ६ मिलीमीटरच्या वर, ती पत्रात बसवायची कशी?

तर कोणी नियमित असं काही पाठवत असेल, मणी, बटणं, नाणी, सिमकार्ड, काहीही, तर कसं पॅक करता आणि कुठल्या प्रकारात टाकता ते प्लीज सविस्तर सांगा. परदेशातूनही विचारणा आहे, त्याचंही सांगितलंत तर बरं होईल.

प्रतिसाद १

दादा, हिशोब बरोबर आहे पण टेंगूळ काढाच, तेच पाकीट फाडतं. पत्रांची वर्गवारी करायच्या मशीनमध्ये पाकीट पट्ट्यांच्या मधून जोरात ओढलं जातं आणि वळणावर वाकतं, त्यात मधेच कडक गाठ आली की ती कागद फाडून बाहेर येते. मी बटणं पाठवते तेव्हा पातळ फोमची शीट पाकिटाच्या मापाची कापते, तिच्यात बटणाएवढी खिडकी कापते, बटण त्यात बसवून दोन्ही बाजूंनी पातळ कार्ड लावते. सगळीकडे जाडी सारखी राहते आणि वस्तू हलत नाही. निबसाठी ३ मिलीमीटरचा फोम पुरावा. कार्ड मात्र ३०० चं घेऊ नका, १६० चं घ्या, फोमचं वजन तिथे वसूल होतं. खिडकी पाकिटाच्या मधोमध नको, एका कडेकडे ठेवा म्हणजे वाकताना ताण कमी येतो.

आणि पाठवायच्या आधी एकदा काउंटरवर विचाराच की साध्या पत्रात वस्तू चालते का. काही देशांत जाडी आणि लवचिकपणा बसला की चालते, काही ठिकाणी पत्र म्हणजे फक्त कागद, आणि न वाकणाऱ्या पाकिटाला जादा पैसे लागतात. पोचल्यावर समोरच्याला दंड भरावा लागला तर सगळी बचत गेली.

प्रतिसाद २

जिभेला पत्रात कोंबू नका. पत्र आणि पार्सल याच्या मधे बहुतेक टपालखात्यांत मोठ्या पत्राचा किंवा चपट्या पाकिटाचा प्रकार असतो, जाडी साधारण २ सेंटीमीटरपर्यंत चालते. पत्रापेक्षा महाग पण पार्सलपेक्षा बरंच स्वस्त. तिथे वजनाचा टप्पाही बहुधा मोठा असतो म्हणून गिऱ्हाईकाला विचारा की अजून काय हवंय, निब, जीभ, नळी सगळं एकाच पाकिटात जाऊ दे.

परदेशाचं वेगळं आहे. तिथे वस्तू असली की ती पत्र म्हणून जात नाही, कितीही हलकी असो, स्मॉल पॅकेटमध्येच टाकावी लागते, त्याची मर्यादा २ किलो. वर सीएन २२ चा कस्टमचा फॉर्म चिकटवायचा, त्यात वस्तूचं नाव, वजन, किंमत खरी लिहायची. नुसतं 'गिफ्ट' किंवा 'पार्ट्स' लिहिलं की अडकतं, 'फाउंटन पेनची स्टीलची निब' असं लिहा. शाई भरलेलं काही पाठवू नका, द्रवाचे नियम फार कडक असतात.

मूळ प्रश्न विचारणारा

दोघांचेही मनापासून आभार. फोमची खिडकी आजच कापून बघतो. एक शंका राहिली, ट्रॅकिंगची. साधं पत्र हरवलं तर भरपाई नाही आणि शोधही लागत नाही, रजिस्टर करावं तर खर्च परत कितीतरी पटींनी वाढतो. माझा विचार असा आहे की स्टीलच्या निबा साध्या पत्राने आणि हरवली तर दुसरी फुकट पाठवायची, सोन्याची निब असेल तर मात्र रजिस्टरच. बटणवाल्या ताई, तुम्ही गिऱ्हाईकाला हे आधीच सांगता का, आणि लोक मान्य करतात का?