मदत हवी आहे: रिमोट डेस्कटॉप जमलं, पण ऑफिसातली स्क्रीन लॉक होते

इचलकरंजीत आमचं सूतविक्रीचं छोटं ऑफिस आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीप्राइम सिल्व्हर (एका वेळी एकालाच वापरता येणारा परवाना) एकाच पीसीवर, विंडोज ११ प्रो. हिशेब बघणाऱ्या ताई आता घरून काम करणार आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज होम आहे, पण रिमोट डेस्कटॉपने (ऑफिसचा पीसी दुरून आपल्या स्क्रीनवर चालवणं) इथे जोडण्यासाठी तेवढं पुरतं.

आधी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून पाहिला. राउटरचा बाहेरचा पत्ता (वॅन आयपी) १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट (इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते), त्यामुळे बाहेरून काही पोहोचतच नाही. एका अर्थी बरंच झालं, तो पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे दुकानाचं शटर वर ठेवून घरी जाणं. मग दोन्हीकडे टेलस्केल (दोन पीसींना खाजगी नेटवर्कने जोडणारं ॲप) टाकलं आणि रिमोट डेस्कटॉप लगेच चालू झालं.

अडचण पुढे आहे. ताई आत आल्या की इथली स्क्रीन लॉक होते. परवा टेम्पो दारात उभा, ई-वे बिल अर्धं भरलेलं आणि समोर पासवर्डचा चौकोन! मी लॉगिन केलं की ताई बाहेर पडतात.

एकाच पीसीवर दोघांना एकाच वेळी लॉगिन राहू देणारा पॅच नको, तो विंडोजच्या परवान्यात बसत नाही. विंडोज सर्व्हर आणि त्याचे आरडीएस परवाने (अनेकांना एकाच वेळी दुरून काम करू देणारे) झेपणार नाहीत. वेळा वाटून घेणंही जमत नाही, बिलं दिवसभर निघतात.

टॅली गोल्ड (अनेक जणांसाठीचा परवाना) घेऊन ताईंसाठी ऑफिसातच दुसरा प्रो पीसी ठेवला आणि डेटा फोल्डर शेअर केलं, तर दोघांना एकाच कंपनीत एकाच वेळी एन्ट्री करता येईल ना? असं कोणी रोज चालवतंय का, आणि वीज गेल्यावर तो पीसी आपोआप सुरू व्हावा म्हणून काय केलंत?