हिवाळ्यात शिडाच्या बोटीवर मुक्काम: ओल, हीटर आणि पोर्टलंड बिलचा वळसा, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

मी आणि नवरा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शिडाच्या बोटीवर राहतो. बोट ३४ फुटी, फायबरची, जुनी पण दणकट. सध्या पोर्ट्समथला मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या भाड्याच्या धक्क्यावर) आहोत. इथली जागा डिसेंबरअखेर सोडायची आणि मग जमेल तसं पश्चिमेकडे सरकत फाल्मथ गाठायचं असा बेत आहे. साधारण १५० सागरी मैल. घाई काही नाही. दोघांचंही काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे हवा बिघडली तर आठवडाभर एका जागी बसून राहू.

"हिवाळ्यात कशाला, बोट वर काढा" हा सल्ला कृपया नको. माझं माहेर दापोलीकडचं, पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारलेल्या लहानपणापासून बघितल्यात. इथलेही बरेच जण क्रेनने बोट उचलून वसंतापर्यंत काठावर ठेवतात. पण आमचं घरच ते!

वाऱ्यापेक्षा ओलीने जास्त वैताग आणलाय. मरीनात वीज आहे म्हणून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) दिवसभर चालतो, तरी सकाळी खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवरून पाणी ओघळत असतं. गादी उचलली की खालची फळी ओली. घट्ट झाकणाच्या डब्यात मेतकुटाच्या गुठळ्या, कपाटात मागे राहिलेल्या कोल्हापुरीवर हिरवी बुरशी. नांगरावर गेल्यावर तर ही वीजही नसणार. शेजारच्या बोटीवरचे आजोबा म्हणतात, गॅसची शेगडी मंद पेटती ठेवा, बोट उबदार राहते. मला ते पटत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही. डिझेल हीटर बसवावा का? बॅटरीला झेपतो का?

दुसरा प्रश्न पोर्टलंड बिलचा, म्हणजे वाटेत समुद्रात घुसलेल्या भूशिराचा. वेमथहून बिलला वळसा घालून लाइम बे हा उपसागर ओलांडायचा म्हणजे ब्रिक्सहॅमपर्यंत पंचेचाळीसच्या आसपास मैल. आमची बोट ५ नॉटने (तासाला ५ सागरी मैल) चालते आणि जानेवारीत उजेड जेमतेम ८ तास. म्हणजे कुठल्या तरी एका टोकाला अंधार आहेच. अंधारात निघावं की अंधारात पोचावं?

प्रतिसाद १

ताई, आजोबांना सांगा की १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बोटीतच राहतं. ओल घालवायला निघालात आणि आणखी ओल घेऊन बसलात! शिवाय बोटीच्या छतावरची झाकणं बंद करून शेगडी पेटती ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. अलार्म आजच लावा, जिथे झोपता तिथे.

डिझेल हीटर जरूर बसवा. त्याचा धूर नळीने बाहेर जातो, आत फक्त कोरडी गरम हवा येते. २ किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात चालला तरी तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल खातो. पेटताना बॅटरीतून बरीच वीज ओढतो, नंतर फक्त पंख्यापुरती. आणि छतावरचं एक झाकण बोटाच्या रुंदीएवढं उघडं ठेवा, थंडी वाजली तरी. वाफ बाहेर जायला वाट हवी. गादीखाली जाळीचा थर घाला म्हणजे खालून हवा खेळते. भात कुकरमध्ये लावा, उघड्या पातेल्यात नको.

प्रतिसाद २

अंधारात निघा, उजेडात पोचा. निघतानाचं बंदर ओळखीचं झालेलं असतं, पोचायचं नवं असतं. पण बिलपाशी तुमच्या घड्याळाला कोणी विचारत नाही, तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह ठरवतो. पश्चिमेकडे नेणारा प्रवाह धरा, उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस टाळून भांगाचे (कमी भरतीचे) निवडा. वारा प्रवाहाच्या उलटा असेल तर त्या दिवशी जाऊच नका, तिथल्या लाटा सरळ उभ्या राहतात. किनाऱ्याला चिकटून जाणारी आतली वाट हिवाळ्यातल्या अंधारात विसरा. शेवंडीच्या सापळ्यांची बोयरी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) दिसणार नाहीत आणि त्यांचा दोर बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकेल. ५ मैल बाहेरून जा.

ब्रिक्सहॅम पश्चिमेच्या वाऱ्यात झकास. पूर्वेचा वारा येणार असेल तर मात्र टॉरबेत, म्हणजे ब्रिक्सहॅमच्या उपसागरात, नांगर टाकून बसू नका.

शिपिंग फोरकास्टमध्ये (समुद्रावरच्या हवामानाच्या अंदाजात) वादळी वाऱ्याचा इशारा "इमिनंट" म्हणजे ६ तासांच्या आत, "सून" म्हणजे ६ ते १२, "लेटर" म्हणजे १२ तासांनंतर. नाव दिलेलं वादळ येत असेल तर नांगराचा हट्ट सोडा, मरीनाचे पैसे भरा आणि दोर दुप्पट करा. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळात आइल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिम टोकाच्या नीडल्सला ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला होता, आणि तुमची वाट तिथूनच जाते. दोर जिथे घासतो तिथे जुन्या अग्निशमन पाइपाचा तुकडा चढवा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. हीटर या महिन्यातच बसवतो. आता एकच विचारते: धुराची नळी मागच्या बाजूने काढली तर मागून येणाऱ्या लाटेचं पाणी आत शिरतं का? कोणी बाजूने काढली आहे का, आणि किती उंचीवर?