‘टार्गेटिंग पॉड’ला मराठीत काय म्हणावं?

देवगडहून, शाळेतल्या बाई:

शाळेच्या भित्तिपत्रकाचं एक पान अडलंय, मदत हवी आहे. भाचा बंगळुरूला असतो. फेब्रुवारी २०२५मध्ये येलहंकाच्या हवाई तळावर ‘एरो इंडिया’ भरलं होतं, तिथून त्याने ढीगभर फोटो पाठवले. अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ एकाच प्रदर्शनात आलेलं, ते फोटो मुलांनी आधीच पळवले. मी थांबले ती दुसऱ्याच एका फोटोपाशी. लढाऊ विमानाच्या पोटाखाली राखाडी रंगाचा लांबट नळा टांगलेला, त्याच्या गोल तोंडाला काच, आणि काचेत आभाळ अन् मोबाइल उंच धरलेला भाचा.

खाली त्याने लिहिलं होतं ‘टार्गेटिंग पॉड’. मी पानावर ‘लक्षवेधी नळकांडे’ असं लिहिलं, तर आमच्या मराठीच्या सरांनी दोन्ही शब्दांवर काट मारली. लक्षवेधी विधानसभेत मांडतात आणि नळकांडी अश्रुधुराची असतात, म्हणाले. पटलं मला. पण मग सातवीच्या मुलांसाठी लिहू काय?

रत्नागिरीहून:

बाई, ‘य’ महत्त्वाचा आहे. लक्ष म्हणजे ध्यान. लक्ष्य म्हणजे ज्यावर नेम धरायचा ते. लक्षवेधी सूचना सरकारचं ध्यान ओढून घेते, लक्ष्यवेधी बाण जाऊन लागतो. संस्कृतात ‘लक्ष’ शब्दालाही लक्ष्याचा अर्थ होता, पण आजच्या मराठीत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्यात आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

मला जास्त विचार करायला लावतो तो ‘वेध’. मूळ धातू व्यध्, म्हणजे टोचणं, भोसकणं. कान टोचतात तो कर्णवेध. पण आपण ‘वेध घेणे’ म्हणतो तेव्हा कुणी काही टोचत नाही. वेधशाळेत ताऱ्यांचे वेध घेतात, म्हणजे नजर स्थिर ठेवून त्यांची जागा नक्की करतात. आणि ‘गणपतीचे वेध लागले’ म्हणतो तेव्हा तर मनच पुढे धावलेलं असतं. एकाच शब्दात मारणंही आहे आणि पाहणंही. तेव्हा आधी हे कळायला हवं, की तो नळा मारतो की पाहतो?

वेंगुर्ल्याहून, हवाई दलातून निवृत्त:

पाहतो. त्याच्यात स्फोटक काहीही नसतं. बाईंच्या फोटोतला नेमका कुठला ते सांगता येणार नाही, पण आपल्याकडे ‘लायटनिंग’ नावाचा इस्रायली पॉड मिराज, जग्वार, तेजस अशा विमानांवर लावतात. लांबी २ मीटरपेक्षा थोडी जास्त, वजन २०० किलोंच्या आसपास. आत साधा कॅमेरा, उष्णता टिपणारा कॅमेरा आणि लेझर. पुढचं तोंड फिरतं, त्यामुळे विमान वळलं, कलंडलं तरी काचेची नजर एकाच जागी खिळलेली राहते. काळोखातही गरम इंजिन पडद्यावर उठून दिसतं.

मग लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरायचा. डोळ्यांना तो दिसत नाही, पण तिथून परत येणारा प्रकाश बॉम्बच्या तोंडावरचं यंत्र ओळखतं आणि बॉम्ब आपले पंख हलवत त्या ठिपक्याकडे जातो. बॉम्ब लागेपर्यंत ठिपका हलता कामा नये. कारगिल युद्धात २४ जून १९९९ला टायगर हिलवर मिराजनी लेझरच्या मदतीने बॉम्ब टाकले, तेव्हा हाच पॉड कामाला आला होता.

आम्ही आपसात ‘पॉड’च म्हणायचो. कृती सांगताना मात्र ‘लक्ष्य पकडलं’, ‘लॉक झालं’, ‘मार्क केलं’ असं बोलायचो. मारलं ते बॉम्बने, हे कायम ध्यानात असायचं.

मालवणहून:

काकांनी सांगितलं ते वाचून मला चढणीचे मासे, म्हणजे पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढून येणारे मासे, आठवले. पहिला मोठा पाऊस झाला की रात्री व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जायचं. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात कोयती. मासा उथळ पाण्यात आला की त्याच्यावर उजेड धरायचा आणि धरूनच ठेवायचा. लहानपणी बॅटरी माझ्याकडे असायची. मासा सळसळला की माझा हात हलायचा, आणि आजोबा ओरडायचे, “बॅटरी हलवू नको रे, थयसरच धर!” मारणारा वेगळा, दाखवणारा वेगळा. तुमचा पॉड म्हणजे बॅटरीवाला.

तेव्हा मुलांना ‘उजेड धरणे’ किंवा ‘ठिपका धरणे’ असं सांगा, लगेच समजेल. एक शंका मात्र आहे. व्हाळात चार बॅटऱ्या असतील तर कोयतीवाल्याने आपली कुठली ओळखायची?

वेंगुर्ल्याहून, हवाई दलातून निवृत्त:

चांगला प्रश्न. लेझर सलग नसतो, ठरावीक लयीत लुकलुकतो. त्या लयीचा एक सांकेतिक क्रमांक असतो आणि तोच बॉम्बलाही आधी देऊन ठेवतात. शेजारी दुसऱ्या विमानाचा ठिपका असला तरी बॉम्ब आपल्याच लयीमागे जातो.

गुहागरहून:

थोडं बाजूचं आहे, पण याच पानावर घोळ होऊ शकतो म्हणून लिहिते. बाई, ‘रोखणे’ जपून वापरा. ‘बंदूक रोखली’ म्हणजे नेम धरला, ‘गाडी रोखली’ म्हणजे थांबवली. ‘विमानाने क्षेपणास्त्र रोखले’ असं लिहिलंत तर विमानाने ते सोडायला नेम धरला, की येणारं अडवलं? ‘शत्रूवर क्षेपणास्त्र रोखले’ आणि ‘येणारे क्षेपणास्त्र अडवले’ असं स्पष्ट लिहावं. ‘निशाणा साधला’ही नको. निशाण म्हटलं की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे पालखीपुढचं निशाण येतं. ‘नेम धरला’ इतकं चांगलं मराठी असताना उसनं कशाला आणायचं?

रत्नागिरीहून:

मग माझं मत पक्कं झालं. ‘लक्ष्यवेधी’ बॉम्बला शोभेल. पॉडला ‘लक्ष्यवेधक’ म्हटलं तरी वाचणारा टोचणंच समजेल, कारण लक्ष्य शेजारी आलं की वेधचा बाण होतो. वेधशाळेतला अर्थ जपायचा तर क्रियापद सोबत हवं. ‘लक्ष्याचा वेध घेणारे यंत्र’ म्हणा, थोडं लांब झालं तरी चालेल. जोडशब्दाच्या हट्टापायी अर्थ गमावू नये.

आणि ‘पॉड’ला माझ्याकडून ‘शेंग’. इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे.

देवगडहून, शाळेतल्या बाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेंग मी आज वर्गात सुचवली. मुलांनी फोटो आडवा धरून पाहिला आणि शेवग्याच्या शेंगेपेक्षा हा जाड आहे, असं सांगितलं. तेव्हा नाव ‘पॉड’च ठेवते, देवनागरीत. त्याखालचा मजकूर असा केला आहे:

“टार्गेटिंग पॉड. विमानाखाली टांगलेले, लक्ष्याचा वेध घेणारे यंत्र. हे स्वतः मारत नाही. रात्री चढणीच्या माशावर बॅटरी धरतात, तसा हे लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरून ठेवते. बॉम्ब त्या ठिपक्याकडे जातो.”

काका, ‘ठिपका धरून ठेवते’ तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे ना? पान शुक्रवारी लावायचं आहे.

वेंगुर्ल्याहून, हवाई दलातून निवृत्त:

बरोबर आहे. फक्त ‘बॉम्ब लागेपर्यंत’ हे दोन शब्द त्यात घाला.