दुखत नाही, हीच तर भानगड

वर एकांनी लिहिलंय की मधुमेही वडिलांच्या पायाच्या अंगठ्याखालची जखम दोन महिने चिघळतेय, पण दुखत नाही म्हणून दवाखाना लांबवला. अहो, दुखत नाही हीच तर भानगड आहे. साखरेनं नसा बधिर झाल्या की पाय तक्रारच करत नाही. आमचे बाबा चपलेत घुसलेला बाभळीचा काटा घेऊन सगळा बाजार फिरून आले. फरशीवर रक्ताचे ठिपके आईला दिसले, तेव्हा कळलं.

पॉल ब्रँड या सर्जननी तमिळनाडूतल्या वेल्लोरला कुष्ठरुग्णांमध्ये हेच पाहिलं होतं: बधिर पायाच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो आणि तिथे जखम होते. एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराच्या मऊ चपला तिथल्याच कामातून पुढे आल्या, आज मधुमेहींनाही त्याच देतात. त्यामुळे नुसतं ड्रेसिंग बदलून भागत नाही, त्या जागेवरचा भार काढावा लागतो. मलम कितीही महागाचं आणा, जखमेवरच चालत राहिलं तर ती भरणार कशी?

खाली कुणी गरम पाण्याचा शेक सुचवलाय. कृपया नको! चटका कळत नाही, थेट फोडच दिसतो. कुरुपाला ब्लेड लावू नका, कॉर्न कॅपही (कुरुपावर चिकटवायची पट्टी) नको, त्यात आम्ल असतं.

बाबा आता रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात, चपलेत आधी हात फिरवतात. तुमच्या वडिलांच्या जखमेला वास, काळेपणा किंवा वर चढणारी लाली असेल, तर उद्यावर टाकू नका, आजच सर्जनकडे न्या.