४ जीबी रॅमचा लॅपटॉप लई स्लो झालाय, कुठलं हलकं लिनक्स टाकू?

रंकाळाकाठ: नमस्कार मंडळी. बहिणीचा लॅपटॉप हाय, सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (म्हणजे आतली स्टोरेज), विंडोज ११. क्रोममध्ये चार टॅब उघडले की माउसपण अडकतोय आणि डिस्क भरल्यामुळं अपडेट होईना. ती शिवाजी विद्यापीठात एम.ए. मराठी करतेय, म्हणजे काम काय तर मराठी टायपिंग, पीडीएफ आणि युट्यूबवरची लेक्चर. राजारामपुरीतला दुकानदार म्हणतोय रॅम वाढत नाही, नवीन घ्या. सध्या तेवढं बजेट नाही.

पेठकर: भावा, लगेच नवीन घेऊ नको. रॅमचं तो खरं बोलला असंल, असल्या स्वस्त मॉडेलात रॅम आणि ईएमएमसी दोन्ही बहुतेक बोर्डावरच सोल्डर केलेली असतात, त्यामुळं हलकी सिस्टीम हाच रस्ता. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घे, पण हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपवालीच, जड सिनॅमनवाली नको. किमान २ जीबी रॅम मागतंय, ४ जीबीत बरं चालतंय, डिस्कवर २० जीबी पुरतात आणि २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट हायत. आधी रूफस नावाच्या सॉफ्टवेअरनं मिंटचा पेनड्राइव्ह बनव आणि इन्स्टॉल न करता त्याच्यावरनंच चालवून बघ. वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं सगळं तपास. पेनड्राइव्हवर थोडं हळू चालणार, त्यावरनं स्पीड ठरवू नको.

जुनाकीबोर्ड: मिंटला माझंपण मत, लुबंटू त्याहून हलकं हाय पण नवख्या माणसाला मिंट सोपं पडतं. फक्त एक लक्षात घ्या, सिस्टीम कितीपण हलकी टाका, रॅम खाणार ब्राउझरच. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) टाका, झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करा आणि लेक्चर ७२०पी क्वालिटीला बघा, फरक कळेल.

रंकाळाकाठ: मराठी टायपिंगचं काय?

जुनाकीबोर्ड: आयबस (टायपिंगची भाषा बदलणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, इनस्क्रिप्ट, फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. नोट्स युनिकोडमध्ये असतील तर लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडतील. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातल्या वर्ड फाइल असतील तर तो फॉन्ट नसला की नुसती चिन्हं दिसतात, म्हणून त्या विंडोज असतानाच पीडीएफ करून ठेवा.

पेठकर: आणि प्रबंधाची फाइल दोन ठिकाणी कॉपी केल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नको, 'इरेज डिस्क' निवडलं की सगळं जातंय.

रंकाळाकाठ: लई आभार. पेनड्राइव्ह बनवतो, वायफाय चाललं का ते इथंच सांगतो.