'कार्यशाळा' की 'लेखनशाळा'? सर्जनशील लेखनाच्या अध्यापनातील काही शब्द

चर्चाप्रस्ताव (रत्नागिरी)

आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर मराठीच्या वर्गाला मी 'सर्जनशील लेखन' ही अभ्यासपत्रिका शिकवते आणि याच विषयात माझे संशोधनही चालू आहे. शिकवताना ज्या शब्दांवाचून पान हलत नाही, त्यांच्यापैकी काही मला अडवू लागले आहेत, म्हणून हा प्रस्ताव मांडत आहे.

पहिली अडचण नावाचीच आहे. एका सूचनापत्रकात 'सर्जनशील', दुसऱ्यात 'सृजनशील' आणि तिसऱ्यात 'निर्मितीक्षम' असे छापलेले मी पाहिले आहे. यांपैकी शुद्ध कोणते आणि योग्य कोणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मला वाटते. शिवाय 'शील' हा उत्तरपद म्हणून येणारा शब्द स्वभाव दाखवतो. सहनशील, विचारशील ही त्याची नेहमीची उदाहरणे. जे स्वभावात आहे ते शिकवायचे कसे, असा प्रश्न दरवर्षी पहिल्याच तासाला एखादा विद्यार्थी विचारतो, आणि तो प्रश्न शब्दानेच त्याच्या तोंडी घातलेला असतो.

दुसरी अडचण 'कार्यशाळा' या शब्दाची. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 1936 साली आणि इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात 1970 साली जे लेखनाचे अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांत वर्कशॉप म्हणजे विद्यार्थ्याने आपला खर्डा आणायचा, बाकीच्यांनी तो आधी वाचून यायचे, आणि मग आठवड्यामागून आठवडे त्यावर बोलायचे. आपल्याकडे कार्यशाळा म्हटले की दीपप्रज्वलन, बीजभाषण, भोजन आणि प्रमाणपत्र असा दोन दिवसांचा क्रम डोळ्यांसमोर येतो. दुसरा शब्द सुचवावा, ही विनंती.

प्रतिसाद (गुहागर)

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे ताईंच्या पहिल्या प्रश्नापुरते बोलतो. 'सृज्' धातूला 'अन' प्रत्यय लागताना ऋकाराचा गुण होतो, म्हणजे 'ऋ'चा 'अर्' होतो, म्हणून व्याकरणाने सिद्ध होणारे रूप 'सर्जन' हेच आहे. आपण गणपतीचे विसर्जन करतो, विसृजन करत नाही. उत्सर्जन हा शब्दही तसाच. 'सृष्टी'मध्ये ऋकार टिकतो, कारण तिथला प्रत्यय वेगळा आहे. 'सृजन' हे रूप हिंदीत रुळले आणि तिथून आपल्याकडे आले असावे. 'सर्जन' लिहिले की सिव्हिल सर्जन आठवतो, ही काही जणांची अडचण खरी आहे. पण 'सर्जनशील' असा जोडून आलेला शब्द वाचताना तो घोटाळा होत नाही.

या धातूचा अर्थ मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. 'सृज्' म्हणजे सोडणे, मोकळे करणे. जे आत आहे ते बाहेर सोडणे म्हणजे सर्जन, आणि हातचे पाण्यात सोडणे म्हणजे विसर्जन. लिहिणाऱ्याला हे दोन्ही करावे लागते.

राहिला 'शील'चा प्रश्न. स्वभाव आणि शिक्षण यांचे वैर आहे असे आपल्या काव्यशास्त्राने मानलेले नाही. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याच्या उत्पत्तीचे कारण सांगताना शक्ती, म्हणजे उपजत प्रतिभा, पहिली घेतली. तिच्या जोडीला लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता घेतली. आणि तिसरा ठेवला तो अभ्यास, तोही 'काव्यज्ञशिक्षया', म्हणजे काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीने होणारा. हे तिन्ही मिळून एकच कारण होते, असे त्याचे म्हणणे आहे. 'कविशिक्षा', म्हणजे कवीला रचना शिकवणारे ग्रंथ, हा तर संस्कृतात ग्रंथांचा एक प्रकारच होता. तेव्हा ताईंनी त्या विद्यार्थ्याला निःशंकपणे सांगावे की लिहायला शिकवणे ही परदेशातून आलेली कल्पना नव्हे.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

माझा आक्षेप 'लेखन' या शब्दाला आहे. आमच्याकडच्या दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते, कोणी कोणती भूमिका घ्यायची ते ठरते, आणि संवाद रंगमंचावर उभे राहून तिथल्या तिथे रचले जातात. समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलून रात्रभर बोलणाऱ्या नटाचे काम सर्जनाचे नाही, असे कोणी म्हणू शकेल का? विद्यापीठाने 'लेखन' म्हटले की हे सारे बाहेर राहते. 'सर्जनशील रचना' असे म्हणता येईल का, याचा विचार व्हावा.

प्रस्तावकर्ती (रत्नागिरी)

गुहागरच्या सरांचे मनापासून आभार. व्याकरणाचा प्रश्न तर सुटलाच, पण 'काव्यज्ञशिक्षा' हा शब्द मला हाताशी हवाच होता.

'रचना'विषयी: आक्षेपातील तळमळ मला पूर्ण मान्य आहे. परंतु शाळेत 'व्याकरण व रचना' शिकलेल्या विद्यार्थ्याला त्या शब्दाने निबंध आणि पत्रलेखनच आठवते. नाव 'लेखन' ठेवून दशावतारी नटाला वर्गात बोलवावे, असे मला वाटते.

आता मला अडवणाऱ्या तिसऱ्या शब्दाकडे, 'संशोधन'कडे, वळते. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतो ती त्यांच्याकडे 'संविधान संशोधन' होते. मुळात 'शुध्' धातूचा अर्थ शुद्ध होणे असल्याने त्यांचा अर्थ मुळाच्या जवळचा आहे. मराठीत हा शब्द नवे ज्ञान शोधण्याकडे सरकला. आमच्या विषयात हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटतात असे मला अनुभवातून वाटू लागले आहे. राजापूरकडच्या एका विद्यार्थिनीने कथेच्या पहिल्या खर्ड्यात लिहिले होते, 'बाहेर मुसळधार पाऊस पडत होता.' वर्गातल्या एकाने विचारले, तुला तो कुठून ऐकू येत होता? तीन आठवड्यांनी तेच वाक्य असे आले: 'पडवीतल्या तपेलीत गळतीचे पाणी पडत होते आणि आजी मधूनमधून उठून ती रिकामी करून येत होती.' ही दुरुस्ती आहे, आणि शोधही आहे, कारण कथा आजीची आहे हे तिला त्या वाक्यापर्यंत ठाऊकच नव्हते. परदेशी विद्यापीठांत या विषयाच्या पीएच.डी.साठी सर्जनशील कृती आणि तिच्याबरोबर चिकित्सक विवेचन असे दोन भाग सादर करतात. त्या जोडकामाला वेगळे नाव शोधायची गरज नसावी. संस्कृतात 'प्रबंध' म्हणजे सलग वाङ्मयीन रचना, आणि मराठी विद्यापीठात प्रबंध म्हणजे संशोधकाने सादर केलेले लेखन. एकाच शब्दात दोन्ही भाग सुखाने राहतात.

प्रतिसाद (गुहागर)

त्या दोन भागांसाठी संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखर याने सांगितलेली जोडीही घेता येईल. निर्माण करणारी प्रतिभा ती कारयित्री आणि आस्वाद घेऊन पारखणारी ती भावयित्री. आपला वर्गही याच जोडीवर चालतो, कारण तिथे प्रत्येक जण एकदा लिहिणारा आणि बाकी सर्व वेळ पारखणारा असतो.

प्रतिसाद (देवगड)

'कार्यशाळे'ला पर्याय आपल्या गावातच आहे. आपण गणपतीची शाळा म्हणतो ना, तो शब्द पाहावा. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट तिथे येऊन पडतात आणि चतुर्थीपर्यंत त्याच पाटांवर मूर्ती उभ्या राहतात. माझे बालपण अशाच एका शाळेत गेले. पहिली दोन वर्षे मला माती मळण्यापलीकडे काही दिले नाही. मग उंदीर करायला मिळाले, मग हात. संध्याकाळी अर्धवट मूर्तीवर ओले फडके टाकायचे विसरलो तर सकाळी भेग पडलेली असे, आणि मोठे काका काही न बोलता ती भेग मला दाखवत. डोळ्यांची आखणी तेवढी त्यांनीच करायची. तिथे व्याख्यान कोणी देत नसे, तरी ती शाळा होती, कारण तिथे वस्तू घडत होती आणि घडवणाराही घडत होता. म्हणून 'लेखनशाळा' म्हणावे.

प्रस्तावकर्ती (रत्नागिरी)

'लेखनशाळा' हा शब्द मला पटला आहे आणि पुढच्या सत्राच्या सूचनापत्रकात मी तोच घालणार आहे. घरचा पाट शाळेत न्यायचा, ही गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. विद्यार्थ्याने येताना आपला पाट आणायचा असतो, म्हणजे त्याचे गाव, त्याची बोली, त्याची पडवी. एक शंका राहते. शेवटच्या हाताला, ज्यानंतर मजकूर सोडून द्यायचा, 'आखणी' म्हणावे का?

प्रतिसाद (गुहागर)

शब्द सुंदर आहे, परंतु प्रमाण मराठीत 'आखणी' म्हणजे कामाच्या आधी केलेली योजना. विद्यार्थी तो पहिल्या टप्प्याचा समजेल. 'डोळ्यांची आखणी' असे पूर्ण म्हणावे, म्हणजे कोकणाबाहेरच्या विद्यार्थ्यालाही ते काम शेवटी करायचे हे कळेल.