एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स: १०,००० रुपयांत काय जमेल?

लोलक_२४: नमस्कार मंडळी. एम.एस्सी. फिजिक्सचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टमध्ये सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स दाखवायचाय, म्हणजे प्रकाशामुळे धातूच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात ते. बजेट १०,००० रुपये, त्यावर एक पैसाही नाही. विभागात हेलियम-निऑन लेझर आणि प्रॅक्टिकलचा स्पेक्ट्रोमीटर आहे. सोन्याचे नॅनोकण बनवू की प्रिझमवर पातळ थर देऊन मोजमाप करू?

रसायनरसिक: डोळे झाकून नॅनोकण! क्लोरोऑरिक अ‍ॅसिडचं द्रावण उकळवा, ढवळता ढवळता सोडियम सायट्रेट ओता. पिवळट रंग जातो, मग काळपट जांभळा, मग लालभडक. टर्केविचची १९५१ ची पद्धत, आजही तीच चालते. ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणाचं शिखर मिळतं. मीठ टाकलंत की कण एकमेकांना चिकटून रंग निळा होतो. परीक्षक खूश.

धातुविद: बजेट वाचलं का? त्या अ‍ॅसिडच्या स्फटिकांत वजनाने निम्मं सोनंच असतं. सोन्याचा भाव चढला की तेही चढतं.

रसायनरसिक: १०० मिली द्रावणाला जेमतेम ४० मिलिग्रॅम लागतं. केमिस्ट्रीवाल्यांकडून मागून घ्या.

सकाळची_पाळी: नॅनोकणांना +१, पण तयार घ्या. आणि फ्रीजरमध्ये ठेवू नका! आमच्याकडे कुणीतरी बाटली रात्रभर गोठवली, सकाळी तळाशी काळा गाळ. परत लाल होत नाही ते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं.

बायोसेन्सर_ताई: आमच्या लॅबमध्ये याच रेझोनन्सवर चालणारं तयार यंत्र आहे. सोन्याच्या चिपवर प्रथिन चिकटताना सेकंदासेकंदाचा आलेख दिसतो, रेणूला रंग किंवा लेबल लावायची गरजच नाही. औषध संशोधनात याला तोड नाही. जमलं तर असंच घ्या.

धातुविद: ताई, लाखांतलं यंत्र तो १०,००० मध्ये कुठून आणणार?

वैद्यपुत्र: आपल्या सुवर्णभस्मातही सोन्याचे नॅनोकण सापडलेत, त्यावर कुणी का बोलत नाही?

रसायनरसिक: भस्माला वेगळा धागा काढा हो. औषधात बघायचं तर घरी करायच्या गर्भचाचणीच्या पट्टीवरची गुलाबी रेघ बघा. बऱ्याच पट्ट्यांत ती सोन्याच्या कणांचीच असते.

जुना_डेमो: तू फिजिक्सचा, मग क्रेट्शमनची मांडणी कर (१९६८ ची): प्रिझमच्या आतून धातूच्या थरावर लेझर टाकायचा आणि कोणत्या कोनाला परावर्तित प्रकाश एकदम कमी होतो, म्हणजे खड्डा पडतो, ते बघायचं. ५० नॅनोमीटर सोन्याचा थर थेट प्रिझमवर देऊ नकोस, बिघडला तर प्रिझम अडकून पडतो. मायक्रोस्कोपच्या काचपट्टीवर दे आणि इमर्शन ऑइलच्या (काचेइतकाच अपवर्तनांक असलेल्या तेलाच्या) थेंबाने काटकोनी प्रिझमच्या मोठ्या बाजूला चिकटव. लेझरपुढे पोलरॉइड हवाच, कारण एस-ध्रुवित प्रकाशाला (ज्याचं विद्युत क्षेत्र थराला समांतर असतं) खड्डा पडत नाही. क्रांतिक कोन (ज्यापुढे काचेतला प्रकाश पूर्ण परावर्तित होतो) ४१ अंशांच्या जरा पुढे, सोन्याचा खड्डा ४४ च्या आसपास. स्पेक्ट्रोमीटरचं टेबल जेवढं फिरवशील त्याच्या दुप्पट परावर्तित किरण फिरतो, डिटेक्टर तसा हलव. आणि टेबलावर वाचलेला कोन प्रिझमच्या आतला नसतो, स्नेलच्या नियमाने बदलून घे. मुलं इथेच अडकतात.

सकाळची_पाळी: तरी नॅनोकणच सोपे.

लोलक_२४: सगळ्यांचे आभार. ठरलं, थरच करतोय, पण चांदीचा. विद्यापीठातल्या कोटिंग युनिटवर चांदीची तार आहे, सोन्याची नाही.

जुना_डेमो: चांदी काळी पडते रे! सोनंच घे.

धातुविद: हो, सोनंच. हवेतलं गंधक चांदीला सोडत नाही.

लोलक_२४: पण चांदीचा खड्डा जास्त अरुंद येतो, मला कोनाचंच मोजमाप दाखवायचंय. गुरुवारी कोटिंग आहे. त्याच संध्याकाळी रीडिंग घेतो, आलेख इथेच टाकतो. इमर्शन ऑइल बॉटनीवाल्यांकडून मिळालं.